न दिसणाऱ्या प्रवाहाचा हिशेब

विद्युत अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षी ट्रान्सफॉर्मरच्या दोन चाचण्या शिकवल्या जातात. पहिल्या चाचणीत एका बाजूला पूर्ण व्होल्टेज द्यायचे आणि दुसरी बाजू उघडी ठेवायची. दुसऱ्या चाचणीत एका बाजूची टोके जाड तारेने एकमेकांना जोडून टाकायची आणि दुसऱ्या बाजूला अगदी थोडे व्होल्टेज, पूर्ण प्रवाह वाहू लागेल इतकेच, हळूहळू वाढवत न्यायचे. पहिल्या वेळी वॅटमीटर लोखंडी गाभ्यात वाया जाणारी शक्ती सांगतो, दुसऱ्या वेळी तांब्याच्या वेटोळ्यांत वाया जाणारी. त्या ट्रान्सफॉर्मरवर अर्धा भार टाकला तर काय होईल, पूर्ण भार टाकला तर व्होल्टेज किती पडेल, कार्यक्षमता कोणत्या भाराला सर्वांत जास्त असेल, हे सगळे या दोन चाचण्यांतल्या मोजक्या आकड्यांवरून कागदावर काढता येते, आणि त्यासाठी त्याच्यावर प्रत्यक्ष भार एकदाही टाकावा लागत नाही. परीक्षेच्या दृष्टीने ही हमखास गुण देणारी गोष्ट असल्यामुळे विद्यार्थी ती पाठ करतात आणि पुढे जातात. माझ्या मते मात्र या शाखेत काय शिकायचे असते ते जवळजवळ सगळे या दोन चाचण्यांत साठवलेले आहे.

वीज डोळ्यांना दिसत नाही, ही गोष्ट इतकी सर्वज्ञात आहे की तिचा शिक्षणावर काय परिणाम होतो याचा आपण विचारच करत नाही. स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्याला भाराखाली वाकलेली तुळई दाखवता येते, यंत्र शाखेच्या विद्यार्थ्याला गिअरचा झिजलेला दात हातात देता येतो. आमच्यासमोर असे ती एक बंद लोखंडी पेटी, तिच्यातून येणारी संथ गुणगुण आणि टेबलावर मांडलेले काट्यांचे मीटर. ती गुणगुण ५० हर्ट्झची नसून १०० हर्ट्झची असते, कारण प्रवाहाच्या प्रत्येक आवर्तनात गाभ्याचे पत्रे दोनदा, अगदी सूक्ष्म प्रमाणात, ताणले जातात; हे सरांनी सांगितल्यावर मी पुढच्या सुट्टीत गावातल्या डीपीजवळ थांबून बराच वेळ कान देऊन ऐकले होते. जे दिसत नाही त्याच्याविषयी खात्रीने बोलायचे, आणि आपले बोलणे चुकले तर कुणाचा तरी जीव जाईल हे जाणून बोलायचे, अशी ही विद्या आहे.

माझे शिक्षण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जुन्या महाविद्यालयात झाले. काळ २००५ च्या आसपासचा. त्या वर्षीच्या जूनमध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या उभ्या राहिल्या होत्या, आणि राज्यात विजेचा तुटवडा एवढा होता की ग्रामीण भागात दिवसातले कित्येक तास भारनियमन असे. सुट्टीत घरी गेल्यावर शेजारचे काका हक्काने विचारत, ‘तू विजेचंच शिकतेस ना गं, मग सांग बघू, लाइट का जाते?’ पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीकडे या प्रश्नाचे उत्तर नसते. पहिल्या वर्षी सर्व शाखांना सारखेच विषय असतात. आम्ही गणित आणि रसायनशास्त्र शिकत होतो, ड्रॉइंग शीटवर ऑर्थोग्राफिक प्रोजेक्शन काढत होतो आणि वर्कशॉपमध्ये कानस घेऊन लोखंडाचा तुकडा काटकोनात आणत होतो.

त्या पहिल्या वर्षाच्या गणितात उणे एकचे वर्गमूळ येते, आणि बहुतेकांना ती परीक्षेपुरती मान्य करण्याची गोष्ट वाटते. दुसऱ्या वर्षी तीच संख्या j हे नाव घेऊन परत येते, कारण i हे अक्षर आमच्याकडे प्रवाहासाठी आधीच वापरात असते. कॉइलमधून जाणारा प्रवाह व्होल्टेजच्या पाव आवर्तन मागे राहतो. कपॅसिटरमध्ये तो पाव आवर्तन पुढे धावतो. आणि j ने गुणणे म्हणजे नेमके पाव वर्तुळ फिरवणे. हे एकदा लक्षात आले की प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहाची जी गणिते एरवी डिफरन्शियल समीकरणांनी पाने भरून सोडवावी लागली असती, ती साध्या बेरीज-गुणाकाराने सुटू लागतात. ही वाट अभियंत्यांसाठी चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी १८९३ साली शिकागोच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत मोकळी करून दिली. त्याच्या चारच वर्षे आधी ते युरोप सोडून अमेरिकेत आले होते. पुढे मी जेव्हा कारखान्यांची वीजबिले पाहू लागले, तेव्हा पॉवर फॅक्टर, म्हणजे एकूण शक्तीतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा, कमी पडल्याबद्दल लावलेली दंडाची रक्कम वाचताना मला नेहमी या j ची आठवण होई. ज्या शक्तीने एकही चाक फिरत नाही, पण जी तारांमधून सतत ये-जा करत राहते आणि तारा तापवते, तिचा हिशेब त्या तथाकथित काल्पनिक संख्येत असतो आणि तो रुपयांत चुकता करावा लागतो.

वर्गातले गणित आणि लोखंड यांची गाठ मशीन लॅबमध्ये पडते. ही लॅब बहुतेक जुन्या महाविद्यालयांत तळमजल्यावर असते, जमिनीत पक्की बसवलेली यंत्रे, लाकडी चौकटीतले रिओस्टॅट (रोध कमी-जास्त करण्याची साधने), भार म्हणून वापरायच्या दिव्यांच्या फळ्या आणि तेलाचा, जुन्या वार्निशचा वास. आमच्या लॅबमधल्या मामांचा दंडक असा होता की जोडणी पूर्ण झाल्यावर त्यांनी प्रत्येक तार बोटाने मागे-पुढे तपासल्याशिवाय मेन स्विचला कुणी हात लावायचा नाही, आणि ओढणी, सैल बाही, अंगठी, घड्याळ यांतले काहीही अंगावर असले तर त्या दिवशी फक्त आकडे लिहून घ्यायचे. डीसी शंट मोटर सुरू करण्याआधी फील्डचा, म्हणजे चुंबकीय क्षेत्र निर्माण करणाऱ्या वेटोळ्याचा, रिओस्टॅट कमीत कमी आणि आर्मेचरचा, म्हणजे फिरणाऱ्या भागातल्या वेटोळ्याचा, जास्तीत जास्त ठेवायचा, हा क्रम ते आमच्याकडून रोज म्हणवून घेत. त्यामागचे कारण वर्गात कळले. थांबलेल्या मोटरमध्ये उलट दिशेचे व्होल्टेज अजून निर्माण झालेले नसते, त्यामुळे आर्मेचरच्या अत्यल्प रोधातून पहिल्या क्षणी प्रचंड प्रवाह धावतो; स्टार्टर त्याला आवर घालतो. आणि चालू मोटरचे फील्ड तुटले तर ती थांबत नाही, उलट तिचा वेग भयंकर वाढत जातो. म्हणून थ्री-पॉइंट स्टार्टरची मूठ धरून ठेवणारी कॉइल फील्डच्याच वाटेवर बसवलेली असते, म्हणजे फील्ड तुटताच मूठ सुटते आणि मोटर बंद पडते. कुणीतरी त्या छोट्या कॉइलची जागा किती विचाराने ठरवली असेल, हे समजल्यावर मला त्या अनाम माणसाविषयी जो आदर वाटला, तो आजही कमी झालेला नाही.

आमच्या वर्गात मुली थोड्याच होत्या. ए. ललिता यांनी मद्रासजवळच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९४३ साली याच शाखेची पदवी घेतली आणि त्या भारतातल्या पहिल्या महिला अभियंत्यांपैकी एक झाल्या. अठराव्या वर्षी वैधव्य आणि कडेवर तान्ही मुलगी असताना त्यांनी हे शिक्षण घेतले. पदवीच्या छापील प्रमाणपत्रावर पुरुषवाचक सर्वनाम खोडून स्त्रीवाचक सर्वनाम लिहावे लागले, आणि नंतर भाक्रा-नांगल प्रकल्पाच्या वीजव्यवस्थेच्या कामात त्यांचा हात होता. हे मला पदवीनंतर कळले. ते आम्हाला पहिल्याच वर्षी कुणी सांगायला हवे होते.

गाव आणि अभ्यासक्रम यांची खरी भेट तिसऱ्या वर्षी झाली. त्या काळात आमच्या भागात काही तास तीनपैकी एक फेज बंद ठेवून वीज दिली जाई, म्हणजे घरात दिवे लागावेत पण विहिरीवरचे तीन फेजचे पंप चालू नयेत. उसाला पाणी देण्याची पाळी तर अशा वेळापत्रकासाठी थांबत नाही, म्हणून शेतकरी कंडेन्सर, म्हणजेच कपॅसिटर, जोडून तिसऱ्या फेजची उणीव भरून काढत आणि मोटर फिरवत. मोटर फिरे, पाणीही येई, आणि काही दिवसांनी ती जळे. मग ती तालुक्याच्या गावी रिवाइंडिंगच्या दुकानात जाई. तिथला कारागीर जळालेले वेटोळे बाहेर काढून, तारेचा गेज आणि फेऱ्या मोजून, हाताने नवे वेटोळे भरत असे, आणि मोटर पाहताच ती कशाने जळाली हे सांगत असे: दोन फेजची वेटोळी काळी पडलेली आणि एक कोरे, की एक फेज गेलेली असताना मोटर चालली हे ओळखावे.

त्याचे हे निदान अचूक होते आणि त्याला कोणत्याही पदवीची गरज नव्हती. पदवीने मला त्याच्यामागचे कारण दिले. चार्ल्स फोर्टेस्क्यू यांनी १९१८ साली दाखवून दिले होते की तीन फेजमधले कितीही विस्कटलेले प्रवाह घेतले, तरी त्यांची मांडणी तीन नीटस गटांच्या बेरजेने करता येते: एक योग्य क्रमाने फिरणारा, एक उलट क्रमाने फिरणारा आणि एक मुळीच न फिरणारा. एक फेज गेली की मोटरमध्ये उलट फिरणारा गट जन्माला येतो. रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, तर सुलट दिशेने पळत असतो, त्यामुळे त्या उलट्या क्षेत्राच्या दृष्टीने रोटरमधल्या प्रवाहाची वारंवारता जवळजवळ दुप्पट, १०० हर्ट्झच्या आसपास असते. त्याला फारसा विरोध होत नाही, प्रवाह वाढतो, आणि मोटर काम करता करता आतून भाजत जाते. हा उलटा गट कुणी पाहिलेला नाही. तारेत डोकावले तरी तारेत एकच प्रवाह असतो. तरीही त्याला ओळखणारा रिले, म्हणजे बिघाड ओळखून स्विच उघडायला लावणारे उपकरण, बाजारात मिळतो आणि तो योग्य वेळी मोटर बंद करतो. कागदावर सोयीसाठी केलेल्या मांडणीला लोखंड आणि तांबे इतक्या प्रामाणिकपणे दुजोरा देतात, हे मला तेव्हाही विलक्षण वाटले होते आणि आजही वाटते.

मला विचाराल तर संपूर्ण पदवीतला सर्वांत मोलाचा प्रयोग सिंक्रोनायझेशनचा, म्हणजे फिरते जनित्र ताल जुळवून ग्रिडला, साऱ्या वीजकेंद्रांना जोडणाऱ्या तारांच्या जाळ्याला, जोडण्याचा आहे. डीसी मोटरला जोडलेला एक अल्टरनेटर, म्हणजे प्रत्यावर्ती वीज निर्माण करणारे जनित्र, असतो. तो मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या आसपास फिरवायचा, त्याचे व्होल्टेज मंडळाकडून येणाऱ्या व्होल्टेजएवढे करायचे, आणि मधल्या उघड्या स्विचवर दिवे जोडायचे. प्रत्येक फेजला दोन दिवे एकापुढे एक असतात, कारण दोन्ही बाजू पूर्ण विरुद्ध आल्या की त्यांच्यावर दुप्पट व्होल्टेज येते. अल्टरनेटर आणि ग्रिड यांच्या वारंवारतेत थोडा फरक असला की तिन्ही जोड्या एकदमच उजळतात, मंदावतात, विझतात, पुन्हा उजळतात. त्या एकाआड एक उजळू लागल्या तर फेजचा क्रम चुकला असे समजून दोन तारांची अदलाबदल करायची. फरक अर्ध्या हर्ट्झचा असेल तर दर दोन सेकंदांनी अंधार होतो. रिओस्टॅट केसभर फिरवत हा खेळ इतका संथ करायचा की दिवे विझून काही क्षण तसेच राहतील, आणि त्या अंधारात स्विच मारायचा.

खरा प्रयोग त्यानंतर सुरू होतो. आता मोटरचा रिओस्टॅट फिरवून तिला जास्त जोर लावला तरी वेग मोजणाऱ्या टॅकोमीटरचा काटा १५०० वरून हलत नाही. वॅटमीटरचा काटा मात्र चढू लागतो. अल्टरनेटरचे एक्सायटेशन, म्हणजे त्याच्या चुंबकांना दिलेला प्रवाह, वाढवले तर व्होल्टेज वाढत नाही. फक्त त्या j च्या बाजूची शक्ती वाढते. काही मिनिटांपूर्वी वेग आणि व्होल्टेज या दोन्ही गोष्टी आपल्या बोटांच्या इशाऱ्यावर होत्या. आता त्या आपल्या राहिलेल्या नाहीत, कारण त्या आता त्या क्षणी ग्रिडवर फिरणाऱ्या सगळ्या अल्टरनेटरांच्या मिळून आहेत. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातले अजस्र संच आणि आमच्या तळमजल्यावरचे ते छोटे यंत्र विद्युतदृष्ट्या एकाच तालात फिरत होते. लाइट का जाते, या काकांच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दुपारी कळू लागले. प्रत्यावर्ती ग्रिड वीज साठवून ठेवत नाही. जितकी लागते तितकीच त्या क्षणी निर्माण व्हावी लागते. मागणी वाढली आणि निर्मिती अपुरी पडली की साऱ्या यंत्रांच्या फिरण्यातली ऊर्जा खर्ची पडते, ५० हर्ट्झचा आकडा खाली सरकतो, आणि तो फार खाली जाऊ नये म्हणून कुणाची तरी वीज बंद करावी लागते. कुणाची करायची, हा प्रश्न अभियांत्रिकीच्या बाहेरचा आहे, आणि आमच्या भागातल्या गावांना त्याचे उत्तर अंधाराच्या रूपात मिळत होते.

शैक्षणिक सहल कोयनेला गेली. कोयना ही कृष्णेची उपनदी, तिचा ओढा पूर्वेकडे. पण तिचे अडवलेले पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला नेऊन चारशेहून अधिक मीटर खाली कोकणात सोडले जाते आणि मग ते वाशिष्ठी नदीला मिळते. पोफळीचे वीजगृह डोंगराच्या आत आहे. सर्व टप्पे मिळून प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट; चौथ्या टप्प्यासाठी १९९९ साली जलाशयाच्या तळाखालून बोगदा नेऊन शेवटचा कातळ स्फोटाने फोडण्यात आला आणि पाणी आत घेतले गेले. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या बछावत लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफूट) मर्यादा घातलेली आहे, म्हणून हे संच वर्षभर अखंड चालवता येत नाहीत. ते संध्याकाळच्या, मागणी चढण्याच्या वेळेसाठी राखून ठेवलेले असतात, आणि पाण्याची यंत्रे काही मिनिटांत पूर्ण भार घेऊ शकत असल्यामुळे त्या कामाला तीच योग्य असतात. नियंत्रण कक्षात ऑपरेटरच्या समोर जो सिंक्रोस्कोप होता, त्याचा काटा आमच्या लॅबमधल्या दिव्यांचेच काम करत होता. त्या माणसाच्या हाताखाली मात्र शेकडो मेगावॅट होते.

चौथ्या वर्षी नोकऱ्यांसाठी सर्वांत आधी सॉफ्टवेअर कंपन्या आल्या आणि वर्गातली बरीच मुले एकाच दिवसात निवडली गेली. शैक्षणिक कर्ज, धाकट्या भावंडांची शिक्षणे, घरची बेभरवशाची शेती हे सगळे ज्यांच्या मागे होते, त्यांनी मिळालेली नोकरी नाकारायला हवी होती असे म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. तरीही लॅबमध्ये दिव्यांचा अंधार सर्वांत अचूक पकडणारी मुले त्यानंतर कधीही सबस्टेशनच्या फाटकातून आत गेली नाहीत, याची मला आजही हळहळ वाटते. मी रिले तपासण्याच्या कामाला लागले.

३० जुलै २०१२ च्या पहाटे उत्तर भारताचे ग्रिड कोसळले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तरेबरोबर पूर्व आणि ईशान्य भारतही अंधारात गेला. साठ कोटींच्या आसपास लोकांना त्याची झळ बसली. चौकशी समितीचा अहवाल आला तेव्हा मी तो एखाद्या कुटुंबीयाचे आजारपणाचे कागद वाचावेत तसा वाचला. दोन्ही दिवशी साखळीची सुरुवात बिना-ग्वाल्हेर या ४०० केव्ही वाहिनीपासून झाली होती, आणि त्या वाहिनीवर कोणताही दोष नव्हता. डिस्टन्स रिले तार तुटली की झाड पडले हे पाहत नाही. तो व्होल्टेजला प्रवाहाने भागतो आणि उत्तर लहान आले की दोष कुठेतरी आहे असे मानतो. शेजारची वाहिनी कामासाठी बंद होती, पश्चिमेकडून उत्तरेकडे जाणारी वीज या एकाच वाटेवर दाटली होती, व्होल्टेज घसरलेले आणि प्रवाह वाढलेला होता. भागाकार रिलेच्या सर्वांत दूरच्या टप्प्यात, झोन ३ मध्ये, जाऊन बसला आणि निव्वळ भाराला दोष समजून वाहिनी बंद झाली. रिलेला जसे सांगितले होते तसाच तो वागला. तो आकडा कधीतरी कुणीतरी बसवला होता, आणि मी रोज इतर वाहिन्यांवर असेच आकडे बसवत होते. पश्चिम ग्रिड वेगळे होऊन टिकले, महाराष्ट्रात दिवे चालू राहिले; परंतु त्यानंतर झोन ३ चा प्रत्येक आकडा मी सर्वाधिक भाराच्या परिस्थितीशी ताडून पाहू लागले. पुढच्याच वर्षी, ३१ डिसेंबर २०१३ ला, रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली, दक्षिणेचे ग्रिड उरलेल्या देशाशी जोडले गेले, आणि संपूर्ण भारत एका वारंवारतेवर आला.

आज या शाखेत येणाऱ्या मुलांना आमच्यापेक्षा कठीण विषय हाताळायचा आहे. सौर पॅनेलमध्ये फिरणारे काही नसते. त्यातली वीज इन्व्हर्टरमधून ग्रिडमध्ये जाते, आणि मागणी-पुरवठ्यातली तफावत पहिल्या काही सेकंदांत पेलणारे जड रोटर जसजसे कमी होत जातील, तसतसे ते काम इन्व्हर्टरच्या आज्ञावलीला करावे लागेल. आमची सारी समीकरणे फिरणारे यंत्र गृहीत धरून लिहिलेली होती. त्यामुळे पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि कंट्रोल सिस्टिम हे विषय आता पॉवर सिस्टिमच्या मध्यभागी आले आहेत, आणि जी मुले प्रोग्रामिंगच्या ओढीने ही शाखा सोडण्याचा विचार करतात, त्यांच्या कौशल्याची गरज इथेच सर्वांत जास्त आहे. ओळखीतली मुले बारावीनंतर सल्ला विचारायला येतात तेव्हा मी त्यांना हे सविस्तर सांगते.

प्राध्यापकांशी बोलण्याची संधी मिळते तेव्हा मात्र माझी विनंती वेगळी असते. सिम्युलेशन अवश्य शिकवावे, कारण त्याच्याशिवाय उद्याचे ग्रिड समजणार नाही. पण मशीन लॅबमध्ये पाच-सहा जणांच्या गटातला एकजण स्विच मारतो आणि बाकीचे जर्नलमध्ये आकडे उतरवतात, ही पद्धत बदलावी. यंत्रांचे संच जुने झाले असतील तर ते दुरुस्त करून घ्यावेत, रिवाइंडिंगचे कारागीर प्रत्येक तालुक्यात आहेत. वेळापत्रकात त्यासाठी आणखी एक दुपार काढावी, आणि प्रत्येक विद्यार्थ्याने, प्रत्येक विद्यार्थिनीने, पदवी घेऊन बाहेर पडण्याआधी स्वतः रिओस्टॅट फिरवून दिव्यांचा तो अंधार शोधावा आणि स्वतःच्या हाताने अल्टरनेटर ग्रिडला जोडावा.